हैतीतला कॉलरा: मदत कुणाला उत्तरदायी असते?

माझं रोजचं काम नदीच्या पाण्यातल्या जिवाणूंशी. "हे जीनोम सिक्वेन्सिंग वगैरे ठीक आहे, पण त्याचा सामान्य माणसाला उपयोग काय?" हा प्रश्न नातेवाईकांपासून गाईडच्या मित्रांपर्यंत सगळे विचारतात. अशा वेळी मी हैतीचं उदाहरण देते. त्यात जिवाणू आहेत, नदी आहे, सिक्वेन्सिंग आहे, आणि विज्ञानाच्या बाहेरचा एक मोठा प्रश्नही आहे: संकटात मदतीला धावून आलेल्याकडून नुकसान झालं, तर जाब कुणाला विचारायचा?

आज ही गोष्ट जरा सविस्तर लिहिते.

भूकंप

हैती हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. १२ जानेवारी २०१० रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून जेमतेम २५ किलोमीटरवर ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. किती माणसं गेली यावर आजही एकमत नाही. सरकारी आकडा तीन लाखांच्या वर जातो, तर काही अंदाज एक लाखाच्याही खाली आहेत. बेघर झालेल्यांची संख्या मात्र १५ लाखांच्या घरात होती.

दीडच महिन्याने, २७ फेब्रुवारीला, चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. ही मोजपट्टी लॉगॅरिदमिक आहे, त्यामुळे ७.० आणि ८.८ यांतला फरक दिसतो तेवढा लहान नाही. चिलीच्या भूकंपात जवळपास ५०० पट जास्त ऊर्जा बाहेर पडली. तिथे मृत्यू झाले सुमारे सव्वापाचशे. हैतीतला भूकंप शहराच्या अगदी जवळ आणि उथळ होता, हे एक कारण आहेच. पण चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम होते आणि ते पाळले जात होते. हैतीत असे नियम कागदावरही धड नव्हते. म्हणजे "नैसर्गिक आपत्ती" या शब्दातला नैसर्गिक भाग फक्त जमीन हलण्यापुरता. त्यापुढचं बरंचसं माणसांच्या हातात असतं. मदतही त्यातच आली.

मदत आली, पण कशी?

जगभरातून मदत आली आणि ती मनापासून आली, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तरी काही गोष्टी बघा.

परदेशी शोधपथकांनी ढिगाऱ्यांतून सुमारे १३० लोकांना जिवंत बाहेर काढलं. हे काम मोलाचंच. पण वाचलेल्यांपैकी बाकी बहुसंख्यांना कुणी काढलं? शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, हातात सापडेल ते घेऊन. कुठल्याही भूकंपात पहिले काही तास सर्वात महत्त्वाचे असतात, आणि त्या तासांत तिथे फक्त तिथलीच माणसं असतात.

त्या वेळी हैतीच्या सरकारची अवस्था भीषण होती. राष्ट्रपती भवन कोसळलं होतं, जवळजवळ सगळ्या मंत्रालयांच्या इमारती पडल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांचं तिथलं मुख्यालय, म्हणजे हॉटेल क्रिस्तोफर, हेही कोसळलं. संयुक्त राष्ट्रांचे शंभराहून जास्त कर्मचारी या भूकंपात गेले. त्यात मोहिमेचे प्रमुख हेदी अन्नाबीही होते. तेव्हा सुरुवातीचा गोंधळ समजण्यासारखा आहे. प्रश्न आहे तो गोंधळ ओसरल्यानंतरच्या पद्धतीचा.

मोठ्या आपत्तीत शेकडो संस्था एकाच वेळी येतात. त्यांच्यात ताळमेळ राहावा म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ पासून "क्लस्टर" पद्धत आणली. पाण्याचं काम करणाऱ्यांचा एक गट, निवाऱ्याचा दुसरा, आरोग्याचा तिसरा, आणि प्रत्येकाच्या नियमित बैठका. कल्पना चांगली आहे. हैतीत या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर भरायच्या, ज्याच्या फाटकातून आत जाणं स्थानिक माणसाला सोपं नव्हतं. बऱ्याच बैठका इंग्रजीतून चालायच्या. हैतीच्या लोकांची भाषा क्रेओल, आणि सरकारदरबारी क्रेओलसोबत फ्रेंच. म्हणजे ज्यांच्या गावात पाण्याची टाकी कुठे बसवायची हे ठरत होतं, त्यांनाच चर्चा कळत नव्हती. तीही फाटकातून आत जाता आलं तर!

आता पैसा. भूकंपानंतरच्या तीन वर्षांत परदेशी सरकारं आणि मोठ्या संस्थांनी सहा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. त्यातली सुरुवातीची तातडीची मदत कुठे गेली याचा हिशोब संयुक्त राष्ट्रांच्याच विशेष दूताच्या कार्यालयाने मांडला. हैतीच्या सरकारकडे त्यातला जेमतेम एक टक्का गेला, आणि हैतीतल्या स्थानिक संस्थांच्या वाट्याला त्याहूनही कमी. बाकी पैसा देणगीदार देशांची स्वतःची खाती आणि लष्कर, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, परदेशी स्वयंसेवी संस्था आणि कंत्राटदार यांच्यामार्फत खर्च झाला.

असं का? देणगीदारांची बाजूही ऐकायला हवी. हैतीच्या सरकारात भ्रष्टाचार होता, कर्मचारी कमी होते, आणि देणगीदारांना आपापल्या देशात करदात्यांना एकेका डॉलरचा हिशोब द्यायचा होता. कारणं खोटी नाहीत. पण परिणाम काय झाला? सरकार कमकुवत म्हणून त्याला वगळायचं, वगळल्यामुळे ते आणखी कमकुवत होणार, आणि पुढच्या संकटात पुन्हा तेच कारण देऊन वगळायचं. शिवाय हिशोबाची दिशा बघा. तो सगळा वर, देणगीदाराकडे जातो. खाली, म्हणजे तंबूत राहणाऱ्या माणसाकडे, कुणीच हिशोब देत नाही.

हे सगळं जरा अमूर्त वाटू शकतं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या रचनेची किंमत किती असू शकते ते अगदी ठोसपणे दिसलं.

पटकी

कॉलरा, म्हणजे आपल्याकडची जुनी माणसं जिला पटकी म्हणायची ती, हैतीत निदान शंभर वर्षांत नोंदली गेलेली नव्हती. भूकंपानंतर छावण्यांमध्ये रोगराई पसरेल अशी भीती सगळ्यांना होती. पण कॉलरा सुरू झाला तो छावण्यांत नाही, भूकंपाचा फटका न बसलेल्या ग्रामीण भागात. ऑक्टोबर २०१० च्या मध्यात, आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात. २१ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रयोगशाळेत निदान पक्कं झालं. वर्षअखेरीपर्यंत दीड लाखाहून जास्त लोक आजारी पडले होते आणि साडेतीन हजारांहून अधिक मरण पावले होते.

खरं तर कॉलरावर उपाय साधा आहे. शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार वेळेवर परत द्यायचे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बोंगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर भर देऊन मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आणलं होतं. पण त्यासाठी दवाखाना पायी गाठता यावा लागतो, आणि पिण्याचं पाणी नदीचं नसावं लागतं. आर्तिबोनीतच्या काठी लोक तेच पाणी पीत होते, त्यातच आंघोळ करत होते, त्यावरच भातशेती करत होते.

मग शंभर वर्षं नसलेला जिवाणू अचानक आला कुठून?

दोन शक्यता मांडल्या गेल्या. पहिली पर्यावरणाची. व्हिब्रिओ कॉलरी हा जिवाणू खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात प्लवकांना चिकटून वर्षानुवर्षं राहू शकतो. पाणी तापलं, परिस्थिती अनुकूल झाली की त्याची संख्या वाढते. बांगलादेशात हे रिटा कोलवेल यांनी अनेक वर्षं अभ्यासून दाखवलेलं आहे, त्यामुळे ही शक्यता उडवून लावण्यासारखी नव्हती. दुसरी शक्यता अशी की तो बाहेरून कुणाच्या तरी आतड्यातून आला.

या दोन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या? इथेच मला ही गोष्ट आवडते, कारण पुराव्याचे तीन वेगळे धागे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

पहिला धागा, जागा. जिवाणू खाडीतून आला असता तर पहिले रुग्ण किनाऱ्याला सापडायला हवे होते. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये गावोगाव फिरून नोंदी तपासल्या. पहिले रुग्ण किनाऱ्यापासून दूर, डोंगराकडच्या मिरबाले गावाजवळ होते, मेय नावाच्या ओढ्याच्या काठी. हा ओढा पुढे आर्तिबोनीतला मिळतो. तिथून साथ नदीच्या प्रवाहाबरोबर खाली आली आणि थोड्याच दिवसांत मुखाजवळच्या भागात एकदम उसळली.

दुसरा धागा, वेळ. मेयच्या काठावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता. ऑक्टोबरमध्ये तिथे नेपाळहून नवी तुकडी आली होती, आणि नेपाळमध्ये त्या काळात कॉलराचे रुग्ण सापडत होते. महिन्याच्या अखेरीस असोसिएटेड प्रेसचे पत्रकार जोनाथन कॅट्झ तिथे पोचले तेव्हा तळाच्या मागच्या बाजूला गळणारे पाइप आणि मैल्याचे उघडे खड्डे त्यांच्या नजरेस पडले. पुढे संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या समितीनेही सांडपाण्याची व्यवस्था सदोष असल्याचं नोंदवलं.

तिसरा धागा, जीनोम. या जिवाणूच्या जीनोममध्ये सुमारे ४० लाख अक्षरं असतात. पिढ्यान् पिढ्या नकला होताना त्यात अधूनमधून एखादं अक्षर बदलतं. त्यामुळे दोन नमुन्यांत जितकी कमी अक्षरं वेगळी, तितका त्यांचा पूर्वज अलीकडचा. एकाच नोटच्या झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेलं की डाग वाढत जातात आणि डागांवरून कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून काढली हे ओळखता येतं, तसंच काहीसं. २०११ मध्ये हेन्ड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या २४ नमुन्यांचे जीनोम हैतीच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. नेपाळमधले तीन नमुने हैतीच्या नमुन्यांशी जवळजवळ तंतोतंत जुळले. फरक होता एक किंवा दोन अक्षरांचा. ४० लाखांत एक किंवा दोन! आणि हे काम नेपाळच्या शास्त्रज्ञांनी बरोबरीने केलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एकेक धागा सुटा घेतला तर त्यावर वाद घालता येतो. तिन्ही एकत्र आले की "योगायोग असेल" म्हणणं फार अवघड जातं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी. यात त्या नेपाळी सैनिकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. कॉलराचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना लक्षणं दिसतच नाहीत किंवा अगदी सौम्य दिसतात. आपल्या पोटात काय आहे हे त्या सैनिकाला कळायला मार्ग नव्हता. ते कळून घेण्याची आणि मैला ओढ्यात जाऊ न देण्याची जबाबदारी व्यवस्थेची होती.

शांतिसेना ही काटेकोर अर्थाने मदतसंस्था नव्हे, ती २००४ पासूनच हैतीत होती. पण भूकंपानंतर तिचं बळ वाढवलं गेलं होतं ते मदतकार्य आणि पुनर्बांधणीला हातभार लावण्यासाठीच. आणि हैतीच्या माणसासाठी निळी टोपी आणि मदतीचा ट्रक एकाच "बाहेरच्या" जगातून आलेले होते.

उत्तर द्यायला सहा वर्षं

साथ सुरू झाली तेव्हा अधिकृत भूमिका अशी होती की आधी उपचार, उगम शोधणं ही आत्ताची प्राथमिकता नाही. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण साथरोगशास्त्रात उगम शोधणं हाच अनेकदा उपचाराचा भाग असतो. पाणी कुठून दूषित होतंय हे कळलं नाही तर ते थांबवणार कसं?

मे २०११ मध्ये समितीचा अहवाल आला. जिवाणू दक्षिण आशियातून आला आणि माणसांमार्फतच आला असं त्यात होतं, पण साथीला अनेक गोष्टी एकत्र येणं कारणीभूत आहे, कुणा एकाचा दोष नाही, असा निष्कर्ष होता. दोन वर्षांनी त्याच समितीतल्या शास्त्रज्ञांनी नवा पुरावा पाहून तळ हाच सर्वात संभाव्य उगम असल्याचं लिहिलं. मात्र त्याच २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हैतीच्या पीडितांचा भरपाईचा दावा दाखल करून घेण्याजोगा नाही म्हणून नाकारला. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेलं, तिथे १९४६ च्या करारानुसार संयुक्त राष्ट्रांना असलेलं कायदेशीर संरक्षण आडवं आलं.

अखेर १ डिसेंबर २०१६ रोजी महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. त्यासाठीचा निधी सदस्य देशांच्या मर्जीवर होता, आणि जमा झाला तो त्यातला फार थोडा भाग. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना वैयक्तिक भरपाई मिळालीच नाही. तोवर आठ लाखांच्या आसपास रुग्ण आणि नऊ हजारांहून जास्त मृत्यूंची नोंद झाली होती. पुढे आकडा दहा हजारांजवळ गेला. २०१९ च्या सुरुवातीनंतर रुग्ण सापडेनासे झाले, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये कॉलरा पुन्हा परतला.

आणि हे टाळायला काय लागलं असतं? २०१६ मध्ये जोसेफ लुनार्ड आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप वापरून हाच प्रश्न तपासला. सैनिकांना निघण्याआधी प्रतिजैविकांचा डोस दिला असता तर साथ सुरू होण्याची शक्यता सुमारे ९० टक्क्यांनी घटली असती. खर्च? माणशी अगदी किरकोळ. सांडपाण्याची टाकी धड बांधायला तर विज्ञानसुद्धा लागत नाही.

मग धडा कोणता?

"मदत वाईट असते" हा धडा नाही. भूकंपग्रस्तांच्या छावण्यांना सुरुवातीला कॉलराचा फटका तुलनेने कमी बसला, त्याचं एक मोठं कारण म्हणजे मदतसंस्था तिथे क्लोरीन टाकलेलं पाणी पुरवत होत्या. साथ आटोक्यात आणण्यातही परदेशी डॉक्टर, हैदराबादेत बनलेली तोंडावाटे द्यायची लस आणि हैतीच्याच आरोग्यसेवकांची मेहनत होती. मदतीने जीव वाचवले, हे खरंच आहे.

माझ्या मते धडा असा की मदत हासुद्धा एक हस्तक्षेप आहे. नवीन औषध देताना "हेतू चांगला आहे ना, मग द्या" असं आपण म्हणत नाही. दुष्परिणाम तपासतो, नोंदवतो, आणि रुग्णाला तक्रार करायला जागा ठेवतो. मदतीला हाच नियम का नको? हैतीत तपासणी नव्हती, आणि तक्रार करायलाही जागा नव्हती. मिरबालेच्या लोकांनी तळाकडे बोट दाखवलं होतं ते कुठलाही जीनोम वाचण्याच्या आधी. त्यांचं म्हणणं कागदावर यायला परदेशी शास्त्रज्ञ, परदेशी पत्रकार आणि परदेशी वकील लागले.

काही बदल झालेत. सैनिकांना रवाना करण्याआधीची खबरदारी आणि तळांवरची सांडपाण्याची व्यवस्था याकडे आता जास्त लक्ष दिलं जातं. २०१६ मध्ये मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी मिळून ठरवलं की २०२० पर्यंत मदतनिधीचा किमान २५ टक्के भाग शक्य तितका थेट स्थानिक संस्थांकडे जाईल. ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, पण निदान मोजायला एक आकडा तरी मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये हैतीच्या दक्षिण भागात पुन्हा ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा येणारी मदत आपल्याच नागरी संरक्षण विभागामार्फत जावी असा आग्रह तिथल्या सरकारने धरला. २०१० आठवत होतं म्हणूनच.

तुम्ही कधी कुठल्या आपत्तीसाठी पैसे देणार असाल, किंवा सुट्टी काढून स्वतः जाणार असाल, तर पैसे पोचले का एवढंच विचारून थांबू नका. ज्यांना मदत मिळतेय त्यांच्यापैकी कुणी ठरवणाऱ्यांत आहे का? बैठक त्यांच्या भाषेत होते का? आणि काही चुकलं तर त्यांनी कुणाकडे जायचं हे त्यांना माहीत आहे का? ज्या संस्थेकडे या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं असतील, तिला बिनधास्त पैसे द्या.

पुढच्या लेखात झेरॉक्सच्या डागांचं गणित, म्हणजे जीनोममधल्या फरकांवरून काळ कसा मोजतात ते सांगेन. तोवर काही शंका असतील तर नक्की कळवा.